सोडियम कमी येतं तेव्हा कॉर्टिसॉल कधी आणि कसं बघायचं

सोडियम १२२. पेशंटला सूज नाही, तो कोरडाही पडलेला नाही. युरिन ऑस्मोलॅलिटी (लघवी किती घट्ट आहे त्याचं माप) ४००, युरिन सोडियम ६०. फाइलवर ‘एसआयएडीएच’ (पाणी धरून ठेवणारं एडीएच हे संप्रेरक गरज नसताना सुटत राहणं) लिहिलं जातं, पाणी दिवसाला एक लिटरवर येतं आणि राउंड पुढच्या खाटेकडे सरकतो. अडचण अशी, की कॉर्टिसॉल (किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) कमी असलेल्या पेशंटचे आकडेही अगदी हेच येतात. एसआयएडीएच हे बाकीचं सगळं वगळल्यावर उरणारं निदान आहे, आणि वगळायच्या गोष्टींत सर्वांत जास्त वेळा राहून जाते ती कॉर्टिसॉलची तपासणी.

हे सगळं वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सेससाठी आहे. डोस प्रौढांचे आहेत. सोडियमचे आकडे मिलिमोल प्रति लिटरमध्ये आणि कॉर्टिसॉलचे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये रिपोर्ट देत असेल तर त्या आकड्याला २७.६ ने भागा. एकक न बघता आकडा वाचणं ही इथली सर्वांत स्वस्तात टाळता येणारी चूक आहे.

कॉर्टिसॉल नसलं की सोडियम का उतरतं

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी सीआरएच (पिट्युटरी ग्रंथीला एसीटीएच सोडायला सांगणारं संप्रेरक) तयार करतात आणि त्याच्यासोबत एडीएचही सोडतात. या दोघांवर लगाम असतो कॉर्टिसॉलचा. कॉर्टिसॉल घटलं की लगाम सुटतो आणि रक्त पातळ झालेलं असतानाही एडीएच वाहत राहतं. त्यात बीपी आणि हृदयातून बाहेर पडणारं रक्त कमी झालेलं असतं. रक्तवाहिन्यांतले दाब ओळखणारे संवेदक त्यामुळे आणखी एडीएच मागतात. किडनी पाणी धरून ठेवते. शरीरातलं मीठ फारसं गेलेलं नसतं, पाणी वाढलेलं असतं.

बिघाड पिट्युटरीत असेल, म्हणजे ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं एसीटीएच कमी असेल, तर गोष्ट इथेच थांबते. अल्डोस्टेरॉनची (मीठ धरून ठेवणारं ॲड्रिनलचं दुसरं संप्रेरक) सूत्रं मुख्यतः रेनिन-अँजिओटेन्सिन आणि पोटॅशियमकडे असतात, एसीटीएचकडे फारशी नसतात. त्यामुळे अल्डोस्टेरॉन शाबूत राहतं, पोटॅशियम नॉर्मल राहतं आणि पेशंट कोरडा पडत नाही. म्हणूनच हा प्रकार एसआयएडीएचसारखा हुबेहूब दिसतो. युरिक अॅसिडसुद्धा दोन्हींत कमी येऊ शकतं, तेव्हा त्याच्या भरवशावर फरक करू नका.

ॲड्रिनल ग्रंथीच निकामी झाली असेल (थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला आजार) तर अल्डोस्टेरॉनही जातं. मग युरिनमधून मीठ खरोखर वाहून जातं, पोटॅशियम साचतं आणि उभं राहिल्यावर बीपी पडतं. त्वचा, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडतात. पुस्तकातलं हे चित्र ओळखायला सोपं आहे, पण पोटॅशियम वाढण्याची वाट बघू नका. उलट्या-जुलाबांत पोटॅशियम निघून जातं आणि रिपोर्टवर ४.२ दिसतं. पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून कॉर्टिसॉल ठीक आहे, असं कधीच होत नाही.

कॉर्टिसॉल फार वाढलं तर उलटं चित्र दिसतं. किडनीत कॉर्टिसॉलला निष्क्रिय करणारं एन्झाइम कमी पडतं आणि कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागी जाऊन बसतं. बीपी चढतं, पोटॅशियम घसरतं. सोडियम मात्र फारसं हलत नाही, कारण तहान आणि एडीएच ते सावरून घेतात. म्हणून कॉर्टिसॉल जास्त असल्याचा संशय पोटॅशियमवरून घ्यायचा असतो.

संशय कुणाबद्दल घ्यायचा

‘स्टिरॉइड घेता का?’ या प्रश्नाला बहुतेक पेशंट नाही म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन, त्वचेचं मलम, सांधेदुखीची पुडी हे सगळं त्यांच्या लेखी स्टिरॉइड नसतंच. तेव्हा एकेक वस्तू नाव घेऊन विचारा आणि जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं मागून घ्या. रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन, किंवा तेवढ्याच ताकदीचं दुसरं स्टिरॉइड, ३ ते ४ आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर ॲड्रिनल झोपलेली असू शकते. (२० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन.) वॉर्डात सर्वांत जास्त भेटतो तो हाच पेशंट: घरी वर्षानुवर्षं गोळी चालू, भरतीच्या वेळी ती चार्टवर उतरवायची राहिली, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडियम १२५.

पंपात फ्लुटिकासोन आणि सोबत रिटोनाविर (एचआयव्हीवरचं औषध) अशी जोडी दिसली तर विशेष लक्ष द्या. रिटोनाविर त्या स्टिरॉइडचं विघटन अडवतं. पंपातली मात्रा अंगभर पोचते आणि ॲड्रिनल दबते.

याशिवाय दीर्घकाळ ओपिऑइड घेणारे पेशंट, डोक्याला मार लागलेले, मेंदूभोवती रक्तस्राव झालेले, पिट्युटरीचं ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेले. बाळंतपणात भरपूर रक्त गेलेली आणि नंतर दूध न आलेली, पाळी न आलेली स्त्री. कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी (इपिलिमुमॅब, निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब) चालू असलेले पेशंट. यांच्यात फक्त एसीटीएच बंद पडलेलं सापडू शकतं, आणि पेशंटचा थकवा कॅन्सरच्या खात्यावर जमा होतो. ॲड्रिनलच्या बाजूने क्षयरोग, ऑटोइम्यून आजार, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असताना दोन्ही ॲड्रिनलमध्ये झालेला रक्तस्राव. हा शेवटचा प्रकार पाठदुखी किंवा पोटदुखी, पडलेलं बीपी आणि उतरतं सोडियम अशा वेशात येतो.

कागदावरची छोटी चिन्हंही बघा. गंभीर आजारात इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सहसा जवळजवळ नाहीसे होतात. तापलेल्या, बीपी पडलेल्या पेशंटमध्ये ते ६ टक्के दिसले तर थबका. रक्तातली साखर विनाकारण ६० येणं, कॅल्शियम किंचित वाढलेलं असणं, सलाईन देऊनही बीपी न उचलणं हीसुद्धा तशीच चिन्हं.

आधी सोडियम खरं कमी आहे ना?

ड्रिप चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं असेल तर पुन्हा घ्या. साखर खूप वाढली असेल तर १०० च्या वरच्या प्रत्येक १०० मागे सोडियममध्ये साधारण १.६ मिळवा. साखर ५०० आणि सोडियम १२८ असेल तर खरं सोडियम १३४ च्या आसपास आहे. ट्रायग्लिसराइड किंवा प्रोटीन फार वाढलेलं असेल तर मोठ्या मशीनवर सोडियम खोटं कमी येतं, तेव्हा ब्लड गॅस मशीनवर तपासून बघा. रक्ताची ऑस्मोलॅलिटी २७५ च्या खाली असेल तरच पुढे चला.

युरिनचं सॅम्पल सलाईन किंवा लघवीचं औषध सुरू करण्याआधी घ्या. पेशंट डाययुरेटिकवर असेल तर युरिन सोडियमवर विसंबू नका. थायाझाइड, कार्बामाझेपिन, नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या यांची नोंद इथेच करून घ्या. यांतलं एखादं औषध सापडलं म्हणून कॉर्टिसॉल टाळू मात्र नका. दोन कारणं एकत्र असू शकतात.

सॅम्पल

पेशंट स्थिर असेल तर सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान. संध्याकाळी ५ ला आलेल्या ४ मायक्रोग्रॅममधून काही अर्थ काढता येत नाही, त्या वेळी ते निरोगी माणसातही उतरलेलं असतं. पेशंट अस्थिर असेल तर आत्ताच, कुठल्याही वेळी. तीव्र आजारात रोजची लय तशीही मोडलेली असते.

कॉर्टिसॉल साध्या सीरम ट्यूबमध्ये चालतं. एसीटीएच ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि लगेच लॅबमध्ये पोचवून प्लाझ्मा वेगळा करायला सांगायचं. ट्यूब दोन तास टेबलावर पडून राहिली तर एसीटीएच विघटित होतं, आकडा खोटा कमी येतो आणि ॲड्रिनलचा आजार पिट्युटरीचा वाटायला लागतो. शक्य असेल तर त्याच वेळी रेनिन, अल्डोस्टेरॉन आणि थायरॉइडसाठी टीएसएच, फ्री टी-फोर पाठवा. पिट्युटरीच्या आजारात टीएसएच नॉर्मल दिसू शकतं, म्हणून फ्री टी-फोर हवंच.

आकडा वाचताना

सकाळचं कॉर्टिसॉल ३ च्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की. १५ ते १८ च्या वर असेल तर शक्यता फार कमी. मधल्या पट्ट्यात उत्तेजन चाचणी लागते. आधी स्टिरॉइड चालू होतं आणि आता बंद करायचं आहे, अशा पेशंटसाठी हिशेब थोडा वेगळा: १० च्या वर असेल तर ग्रंथी जागी झालेली मानतात, ५ ते १० मध्ये असेल तर शरीराला रोज लागतो तेवढा डोस चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा बघतात, आणि ५ च्या खाली असेल तर तोच डोस काही महिने चालवतात.

हे आकडे शांत पडलेल्या पेशंटचे आहेत. १०३ ताप आणि ८० बीपी असताना कॉर्टिसॉल ९ आलं आणि लॅबने त्यावर ‘नॉर्मल’ छापलं, तरी ते नॉर्मल नाही. एवढ्या ताणात ते किती तरी वर हवं होतं. उलट बाजूने, खऱ्या एसआयएडीएचच्या आजारी पेशंटमध्ये कॉर्टिसॉल छान वर असतं, आणि तेच तुम्हाला धीर देतं.

आकडा फसवतो तो मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट प्रथिनांची. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि लॅब एकूण मोजते. अल्ब्युमिन २.५ च्या खाली असेल, सिरोसिस किंवा नेफ्रोटिक सिंड्रोम असेल तर एकूण आकडा कमी येतो, कामाचं कॉर्टिसॉल मात्र पुरेसं असू शकतं. गर्भारपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर उलट होतं, आकडा फुगतो आणि कमतरता झाकली जाते. दुसरी वाट औषधांची. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, आणि प्रेडनिसोलोनही अनेक मशीनना कॉर्टिसॉल वाटतं. रात्री प्रेडनिसोलोन दिलं आणि सकाळी २५ आलं, तर तो आकडा गोळीचा आहे. डेक्सामेथासोन मशीनला दिसत नाही, पण एसीटीएच दाबतं, म्हणून आकडा कमी येतो. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांत काही पद्धतींनी कॉर्टिसॉल खोटं वाढलेलं दिसतं. भूल देताना इटोमिडेट वापरलं असेल तर ॲड्रिनलमधलं उत्पादनच काही काळ अडतं. तिसरी वाट झोपेची: रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ म्हणजे त्याची रात्र असते.

उत्तेजन चाचणी

टेट्राकोसॅक्टाइड (कृत्रिम एसीटीएच) २५० मायक्रोग्रॅम, शिरेत किंवा स्नायूत. रक्त तीनदा: इंजेक्शनच्या आधी, ३० मिनिटांनी, ६० मिनिटांनी. प्रत्येक ट्यूबवर वेळ लिहा. तिन्ही ट्यूबवर नुसतं नाव लिहून पाठवल्या तर चाचणी वाया जाते. उपाशी राहायची गरज नाही. हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर आदल्या दुपारनंतरचा डोस थांबवून, चाचणी झाल्यावर लगेच द्या. ॲलर्जीचा झटका क्वचित येतो, पण दमा किंवा ॲलर्जी असलेल्या पेशंटजवळ ॲड्रेनलिन तयार ठेवा.

जुन्या पद्धतींत वरचा आकडा १८ च्या पुढे गेला की पास. नव्या, अधिक नेमक्या पद्धतींत हीच रेषा साधारण १४ ते १५ वर येते. आपली लॅब कुठली पद्धत वापरते हे एकदा विचारून वॉर्डात लिहून लावा, नाहीतर निरोगी माणसांना आयुष्यभराच्या गोळ्या लागतील.

या चाचणीचा एक आंधळा कोपरा आहे. पिट्युटरीला इजा नुकतीच झाली असेल तर ॲड्रिनल अजून सुकलेली नसते, इंजेक्शनला जोमाने उत्तर देते आणि चाचणी पास होते. ऑपरेशन किंवा रक्तस्रावानंतर पहिले चार-सहा आठवडे या चाचणीवर भिस्त ठेवू नका, सकाळचं कॉर्टिसॉल आणि पेशंटची अवस्था बघा.

बीपी पडलं असेल तर चाचणीची वाट बघू नका

कॉर्टिसॉल आणि एसीटीएचचं रक्त काढा (दोन मिनिटांचं काम) आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्या. पुढे २४ तासांत २००, सलग ड्रिपने किंवा दर ६ तासांनी ५०. पेशंट कोरडा असेल तर नॉर्मल सलाईन पहिल्या तासात एक लिटर, हृदय आणि किडनी बघून. साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज. हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर असेपर्यंत फ्लुड्रोकॉर्टिसोन (अल्डोस्टेरॉनची जागा घेणारं औषध) वेगळं लागत नाही. हायड्रोकॉर्टिसोन मिळालंच नाही तर डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम, पण त्याने मीठ धरलं जात नाही.

झटके, बेशुद्धी, उलट्यांसह वाढती गुंगी असेल तर ३ टक्के सलाईन १५० मिली २० मिनिटांत, कारण कुठलंही असो. सोडियम ४ ते ६ ने वर आलं की पुरे. तिथे थांबा.

थायरॉइडही कमी निघालं तर आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉक्सिन. थायरॉक्सिनने कॉर्टिसॉल लवकर खर्च होतं, आणि क्रम चुकला तर औषधच पेशंटला ॲड्रिनल क्रायसिसमध्ये (कॉर्टिसॉलअभावी बीपी कोसळण्यात) ढकलतं.

खरा धोका स्टिरॉइड दिल्यावरचा

निदान बरोबर आलं, इंजेक्शन दिलं, पेशंटला तरतरी आली. सगळे निवांत होतात, आणि नेमकं याच वेळी सोडियम पळायला लागतं. कॉर्टिसॉल मिळताच एडीएचवरचा लगाम परत येतो, काही तासांत किडनी साठवलेलं पाणी सोडते आणि युरिन पाण्यासारखी पांढरी होते.

हिशेब करून बघा. ६० किलोची स्त्री, शरीरात साधारण ३० लिटर पाणी, सोडियम ११२. युरिन ताशी ३०० मिली आणि त्यात सोडियम-पोटॅशियम मिळून फक्त २०. आठ तासांत २.४ लिटर गेलं, भरपाई झाली नाही. नवं सोडियम १२०. म्हणजे पूर्ण दिवसाची मर्यादा आठ तासांत जवळजवळ संपली, तीही सलाईनचा एक थेंब न देता. सलाईन चालू असेल तर आणखी आधी.

मर्यादा कोणत्याही २४ तासांत १० ची धरा. सोडियम १०५ किंवा खाली, पोटॅशियम कमी, दारू, कुपोषण, यकृताचा जुना आजार यांपैकी काहीही असेल तर ८. ती ओलांडली तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण उतरतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत. २ ते ६ दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. तोवर सोडियम छान १३८ असतं आणि कुणाला संबंध लक्षात येत नाही.

म्हणून युरिन तासातासाला मोजा, सोडियम दर ४ तासांनी, सुरुवातीला दर २ तासांनी. युरिन ताशी १०० मिलीच्या वर गेली की नर्सने फोन करायचा, हे ऑर्डरमध्ये शब्दांत लिहा. युरिन ऑस्मोलॅलिटी १०० च्या खाली उतरली तर पाणी सुटायला लागलं आहे. पोटॅशियम देत असाल तर तेही सोडियम वाढवतं, हिशेबात जवळजवळ सोडियमइतकंच धरा.

वेग वाढलाच तर सलाईन बंद करा आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे ताशी ३ मिली सुरू करा. डेस्मोप्रेसिन (एडीएचचं काम करणारं औषध) २ मायक्रोग्रॅम शिरेतून किंवा त्वचेखाली द्या, लागलं तर दर ८ तासांनी. डेस्मोप्रेसिन दिल्यावर पेशंटला मनमुराद पाणी पिऊ देऊ नका. हायड्रोकॉर्टिसोन मात्र थांबवायचं नाही. सोडियम पळतंय म्हणून स्टिरॉइड बंद करण्याची सूचना राउंडवर येते, आणि ती पेशंटला पुन्हा क्रायसिसमध्ये नेते.

आणखी एक साधी गोष्ट: निदान बदललं की ‘पाणी एक लिटर’ ही जुनी ऑर्डर खोडा. ती तशीच राहिली तर बाहेर जाणाऱ्या पाण्याची भरपाई होत नाही आणि सोडियम अजून जोरात चढतं.

पिट्युटरी ऑपरेशन आणि आयसीयू

पिट्युटरी ऑपरेशननंतर सोडियम साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात उतरतं, बहुधा एडीएचच्या गळतीमुळे. पण त्याच दिवसांत कॉर्टिसॉलही कमी असू शकतं, तेव्हा दोन्ही बघा. इथे उलटा सापळाही आहे. एडीएच बनतच नसेल तर लघवी भरपूर व्हायला हवी. कॉर्टिसॉलही नसेल तर किडनी पाणी बाहेर टाकू शकत नाही आणि तो आजार लपून राहतो. हायड्रोकॉर्टिसोन दिलं की दिवसाला ६-८ लिटर युरिन सुरू होते आणि सोडियम १५० च्या दिशेने जातं. हा स्टिरॉइडचा दुष्परिणाम नव्हे, झाकलेला आजार उघडा पडला आहे. यावर डेस्मोप्रेसिन हवं.

सेप्टिक शॉकमध्ये कॉर्टिसॉलच्या आकड्यावर स्टिरॉइड ठरवत नाहीत. नॉरॲड्रेनलिन किलोमागे मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त, किमान ४ तास लागत असेल तर दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन देतात. तिथे काही दिवसांनी सोडियम १४८-१५० होतं. सलाईनमधलं मीठ आणि स्टिरॉइड दोन्हींचा त्यात वाटा असतो. रोजच्या चार्टवर औषधं मिसळायला वापरलेलं सलाईनही मोजा.

घरी सोडताना

तोंडाने हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर. ॲड्रिनलचाच आजार असेल तर सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन ५० ते १०० मायक्रोग्रॅम, आणि मीठ कमी खायचा सल्ला देऊ नका. ताप आला तर डोस दुप्पट किंवा तिप्पट, दोन-तीन दिवस. गोळी उलटून पडत असेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. हे पेशंटसोबत घरातल्या एका माणसालाही समजावून सांगा आणि कार्डावर लिहून द्या. डिस्चार्जच्या कागदावर ‘एसआयएडीएच’ राहिलं असेल तर काढा, नाहीतर पुढच्या भरतीत पुन्हा पाणी एक लिटरवर येईल. सोडियम आणि पोटॅशियम आठवड्याने परत तपासा.